आधी लाल, मग हिरवं

साक्षी एका जागी बसत नाही. चहा उभ्यानं पिते. फोनवर बोलायला लागली की माझ्या बाहेरच्या खोलीतून अंगणात आणि अंगणातून परत खोलीत फेऱ्या सुरू. नळाला पाणी यायच्या दिवशी तर बघायलाच नको. सोलापुरात पाणी नेमकं कधी येणार हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसावं, अशी माझी जुनी शंका आहे. बाकीच्या बायका तोटी उघडी टाकतात, खाली स्टीलचं पातेलं पालथं घालतात आणि आपापल्या कामाला लागतात. पहिला थेंब पडला की पातेलं हाक मारतं. ही बाई पातेलंही पालथं घालते आणि वर शेजारी उभीही राहते.

मी एकदा विचारलं, "तू उभी आहेस, मग पातेलं कशाला?"

"ते माझ्यासाठी नाही मॅडम. आईसाठी. पातेलं दिसलं की तिला वाटतं, काहीतरी चाललंय. नाही दिसलं तर दर घडीला तोटी पिळून बघते."

साक्षी ही मीनाबाईंची मुलगी. मीनाबाई दवाखान्यात आया होत्या, नवरा होटगीला रेल्वेच्या रुळांवर कामाला. तो गेला तेव्हा साक्षी शाळेत होती. आमची वस्ती एकच. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा ही कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. मग पुण्याला नोकरी लागली. चांगली लागली. वस्तीत पेढे वाटून झाले. आणि तीन वर्षांनी ही बॅग घेऊन परत! वस्तीनं काय काय अंदाज बांधले ते मी इथं लिहीत नाही. खरं कारण तिनं मला सांगितलं.

"तिथं मी दुसऱ्यांच्या पेजचा एकेक कोपरा करायचे, मॅडम. एक बटण, एक चौकट. ते पेज पुढं कोण उघडतंय, त्याला काय दिसतंय, काही कळायचं नाही. मला अख्खं करायचंय आणि उघडणारा माणूस बघायचाय."

"सोलापुरात कोण देणार तुला अख्खं?"

"शोधते की."

तिच्या घरात नेट धड चालत नाही, म्हणून माझ्या बाहेरच्या खोलीत तिचं ऑफिस लागलं. चादरीच्या दुकानाचं पेज झालं, एका मंगल कार्यालयाचं झालं. मग इंद्रजीतचं काम आलं आणि तिची झोप उडाली.

इंद्रजीत हा तरुण गडी. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी त्याची केळीच्या रोपांची नर्सरी. रोपं थोडी आणि मागणारे फार. नोंदणीच्या दिवशी पहाटेपासून फाटकाशी गर्दी, मग ढकलाढकली, मग भाऊबंदांत बोलणं बंद. त्यानं ठरवलं, नोंदणी फोनवरूनच करायची. सकाळी ठरल्या वेळेला पेज उघडेल, नाव-गाव भरायचं, हिरवं बटण दाबायचं, ज्याची नोंद आधी त्याला रोपं आधी. नोंद रद्द करायची असेल तर खाली लाल बटण.

साक्षीनं या पेजवर जीव ओवाळून टाकला. हिरवं दाबल्यापासून नोंद पक्की होऊन येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात माणसाला काहीतरी हलतं दाखवायचं असतं. साधारणपणे एक चक्र गरगरत असतं, तुम्ही पाहिलं असेल. हिला चक्र नको होतं. ही नर्सरीत जाऊन केळीच्या नव्या पानापुढं बसली. केळीचं पान आधी गुंडाळलेल्या कागदासारखं येतं आणि मग सावकाश उलगडतं. तेवढं उलगडणं तिनं चित्रांमागून चित्रं काढून पकडलं. हिरवं दाबलं की पडद्यावर पान उलगडू लागायचं. मला शोभेच्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. तरी ते पान मी परत दाखवायला लावलं होतं.

नोंदणीच्या दिवशी दुपारीच इंद्रजीतचा फोन आला. साक्षीनं तो स्पीकरवर टाकला, कारण कानाशी धरून उभं राहायचा तिला धीर नव्हता.

"साक्षीताई, ही काय भानगड केलीय? माणसं फाटकावर आल्यात. म्हणत्यात, आमी पयल्यांदा दाबलं आन् आमचा नंबर शेवटाला कसा? रोपं संपली की तवर!"

कुणी कधी काय दाबलं, ती यादी तिनं काढून बघितली. बरीच माणसं अशी, की आधी नोंद झाली, मग त्यांनी स्वतःच ती रद्द केली आणि लगेच पुन्हा केली. पुन्हा केली म्हणजे रांगेच्या शेपटाला गेली.

"त्यांनीच रद्द केलंय, दादा. लाल बटण त्यांनीच दाबलंय."

"येवढी माणसं येड्यागत लाल दाबतील व्हय? हितं लोक म्हणत्यात, मी माझ्या पावण्यारावळ्यास्नी रोपं दिली. मला गावात तोंड दाखवायचंय, ताई. सोमवारी दुसरी नोंदणी हाय. ह्या टायमाला असंच झालं तर मी काम पुण्याच्या कंपनीला देतो. राग मानू नका."

फोन बंद झाला आणि फेऱ्या सुरू झाल्या.

त्यात पुण्याची जुनी कंपनी तिला परत बोलावत होती. शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. म्हणजे हिशोब सरळ होता. इंद्रजीतचं काम हेच तिचं एकमेव मोठं काम. ते गेलं, आणि वर 'सोलापूरच्या पोरीनं घोळ घातला' अशी ख्याती झाली, की इथं पुढं कोण काम देणार? पुण्याला जावं लागणार. परत कोपरे करायला.

"मी काय त्यांचा हात धरू का?" ती खोलीतून ओरडली. मग अंगणात आली. "सांगा ना मॅडम! स्वतः रद्द करतात आणि मला शिव्या!"

"एवढी माणसं एकदम बिघडत नसतात," मी म्हटलं. "काहीतरी दिसलं असेल त्यांना. नाहीतर दिसलं नसेल."

"दिसतंय की! हे बघा!" तिनं दाबून दाखवलं. पान झोकात उलगडलं. परत दाबलं. परत उलगडलं. "आता काय दिसत नाही यात?"

मी तिला आमच्या एक्स्चेंजचं सांगायला लागले. ट्रंक कॉल लावून बसलेल्या माणसाला आम्ही अधूनमधून 'लावतेय हं' म्हणून सांगायचो, नाहीतर तो रिसीव्हर आपटून पुन्हा नंबर मागायचा आणि रांगेत मागं जायचा. तिनं निम्म्यातच हात केला. "मॅडम, प्लीज. तुमचा जमाना वेगळा." मला कुणी मध्येच तोडलेलं आवडत नाही, पण मीही सगळ्यांना तोडतेच.

तेवढ्यात मीनाबाई डबा घेऊन आल्या. लेकीकडं बघितलं आणि दारातच बसल्या.

"जायचं तर जा बाई पुण्याला. पर हितं जीव जाळत फिरू नगं. माझं काय? मी हाय की खंबीर." मग डबा खाली ठेवून, "गुरवारी पाणी येणार हाय म्हणं. हंडे कोण उचलणार, त्ये सांगून जा."

"बघितलंत?" साक्षी मला म्हणाली. "ही खंबीर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली. गाडी माझी आहे आणि पासष्टी उलटली तरी चालवते मीच. "चल. माणूस बघायचा होता ना तुला? बघू या."

मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली. साक्षीच्या पायाखाली नसलेला ॲक्सिलरेटर ती अख्खा रस्ता दाबत होती. "त्या ट्रकला टाका की मागं." "आता जागा आहे, घ्या की." शेवटी मी म्हटलं, "एक शब्द बोललीस तर इथंच उतरवीन." मग ती बोटांनी दारावर वाजवत बसली. ते जास्त वाईट होतं.

इंद्रजीतनं आम्हाला बजाबाईंकडं पाठवलं. सगळ्यात जास्त त्याच तापल्या होत्या. त्यांचं केळीचं रान अगदी पाण्याला टेकलेलं. काठावर पाण्याच्या मोटरींची रांग, काळे पाइप पाण्यात उतरलेले, लांब एक होडी चिलापी माशांची जाळी ओढत होती. बांधावर लाकडी खांबाला पत्र्याची पेटी आणि पेटीच्या सावलीत बजाबाई.

"तू व्हय ती?" त्यांनी साक्षीला वरून खालपर्यंत बघितलं. "माझी रोपं गिळलीस, ती?"

"मीच, मावशी."

"किरकोळच हायेस की. मला वाटलं, आसंल कोन तरी तालेवार."

मला हसू आलं. साक्षीला आलं नाही. ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी केलं तसंच परत करून दाखवा. खोटी नोंद हाय, काय व्हत न्हाय."

पुण्याला जाऊनही तिची बोली शाबूत होती. बजाबाईंना ते आवडलं असावं, कारण त्यांनी पदराला हात पुसून फोन काढला. एका बोटानं नाव घातलं, गाव घातलं. मग हिरवं दाबलं.

पडदा पांढरा. नुसता पांढरा, फक्त खाली दोन बटणं. पान नाही, काही नाही.

बजाबाई फोनकडं बघत नव्हत्या, मान किंचित कलती करून ऐकत होत्या. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांचा अंगठा शांतपणे खाली गेला. लाल. आणि वर. हिरवं. घाई नाही, गडबड नाही. रोजचं काम करावं तसं. आणि मग कुठं पडद्यावर पानाचा एक अर्धामुर्धा तुकडा उगवला आणि लगेच गेला. 'नोंद झाली.'

"मावशी," साक्षीचा आवाज बारीक झाला होता, "लाल का दाबलं?"

"मंग?" बजाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, की पोरीला कुणी काही शिकवलंय की नाही. "मोटर उचलली न्हाय तर आदी लालच दाबायचं की! ट्रिप झाल्याली आसती. लाल दाबल्याबिगर सुटत न्हाय. नुसतं हिरवं हिरवं दाबत बसलं तर जळंल की मोटर."

त्यांनी पेटीचं दार उघडलं. आत मोटरचा स्टार्टर. वर हिरवं बटण, खाली लाल. साक्षीचं पेज हुबेहूब तसंच होतं. वर हिरवं, खाली लाल, आणि गोल. रंग तिनंच निवडले होते, छान दिसतात म्हणून.

मी मोठ्यानं हसले. फुगवट्याकाठच्या प्रत्येक हाताला जन्मापासून हेच वळण. हिरवं दाब, कान दे, घरघर आली नाही तर लाल, मग पुन्हा हिरवं. मोटर त्यानं वाचते. नोंदणी त्यानं जाते.

साक्षी पाण्यापर्यंत गेली आणि परत आली. परत गेली, परत आली. मग चक्क एका पाइपवर बसली. हिला बसलेली बघून मीच दचकले.

"पान दिसलंच नाही त्यांना," ती म्हणाली. "कुणालाच दिसलं नाही. मी हे कधी बघितलंच नव्हतं, मॅडम."

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पेज उघडतं तेव्हा ते पान लपवलेलं असतं. लपवलेल्या चौकटीतलं चित्र ब्राउझर आणायलाच जात नाही. हिरवं दाबलं, चौकट उघडी झाली, की तेव्हा कुठं निघतो आणायला. आणि नेमकी तेव्हाच नोंदही त्याच अरुंद वाटेनं चाललेली असते. इथल्या नेटवर पान पोचेस्तोवर नोंद होऊन जाते. वाट बघताना जे दाखवायचं, त्याचीच वाट बघावी लागते. साक्षीच्या कॉम्प्युटरवर पान एकदा आलेलं होतं, ते तिथंच साठून राहिलं होतं, म्हणून तिला दर वेळी दाबलं की हजर. ती स्वतःचंच ताट बघून म्हणत होती, सगळ्यांचं वाढून झालंय.

"मग आधीच आणून ठेव की," मी म्हटलं.

"तेच करायचं. प्रीलोड. पेज उघडल्या उघडल्या चित्रं बोलावून घ्यायची. ते नाव-गाव घालेपर्यंत येऊन बसतील."

एवढं सोपं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. परतताना गाडीतच तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. घरी आल्यावर मुद्दाम आपल्या नेटचा गळा आवळून बघितलं, फुगवट्याकाठी असतं तसं. आणि घोळ लक्षात आला. पान जड होतं. इतकी चित्रं आधी बोलावली की पेजच अडायला लागलं. नाव घालायची चौकटच उमटेना. मीठ-लिंबू आधी वाढायला गेलो आणि मिठाच्या पोत्यानंच दार अडवलं, असं झालं.

मग तिनं चित्रं कमी केली. पान धक्के खात उलगडायला लागलं.

"ठीक दिसतंय की," मी म्हटलं.

"थापा मारू नका, मॅडम. फाटक्या छत्रीसारखं दिसतंय."

तसंच दिसत होतं. तिनं आणखी कमी केली, रंग उडवले, आकार लहान केला. खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत. पान सोडवत नव्हतं तिला. पुण्यातले सगळे कोपरे मागं टाकून आल्यावर तिनं मनापासून केलेली ती पहिली गोष्ट होती. मला ते दिसत होतं आणि माझा धीरही सुटत चालला होता. "अगं, सोमवार जवळ आला! पान महत्त्वाचं की बजाबाई?"

ती अंगणातल्या तुळशीशी जाऊन उभी राहिली. आत आली आणि पान पुसून टाकलं.

त्याच्या जागी तिनं तीन ठिपके काढले. लाल, पिवळा, निळा. मला काही बोध होईना. "हे काय? होळी?"

"स्टार्टरच्या पेटीवर तीन दिवे होते, बघितलं नाही तुम्ही? विजेच्या तिन्ही फेजचे. दिवे लागले म्हणजे करंट हाय, थांबायचं."

ते चित्र इतकं हलकं की पेजबरोबर सगळ्यात आधी येऊन बसायचं. वर तिनं आणखी एक केलं. ते चित्र फोनमध्ये पोचल्याची खात्री होईपर्यंत हिरवं बटण उजळायचंच नाही. आणि दिवे चालू आहेत तोवर लाल दाबलं तरी नोंद रद्द व्हायची नाही, नुसतं 'थांबा, चालू होतंय' एवढं उमटायचं.

इंद्रजीतला फोन केला. तो हळहळला. "पान लई भारी व्हतं, ताई. येणाऱ्या-जाणाऱ्यास्नी दाखवायचो मी."

"ऑफिसात वायफायवर दाखवत होता, दादा. गिऱ्हाईकाला कुठं दिसलं?"

"ते बी खरं. मग लाल बटणच काढून टाका की. कटकटच नको."

"नाही. मावशींच्या अंगठ्याला लाल लागतं. ते नसलं तर त्या फोन बंद करून परत चालू करतील."

शनिवार उजाडला. सकाळीच साक्षी आली आणि दारातूनच म्हणाली, "पुण्याला नाही म्हणून कळवलं."

मी हातातली बशी खाली ठेवली. "आज? अगं, संध्याकाळपर्यंत मुदत होती! आणखी दोन दिवस मागून घ्यायचे. सोमवार तरी होऊ द्यायचा!"

"सोमवारी हे काम गेलं तर दुसरं शोधीन. पण ते उत्तर हातात धरून मला बसता येत नाही, मॅडम."

"मूर्ख आहेस."

"हो."

दुपारी मीनाबाई आल्या. "ताई, तुमी तरी सांगायचं व्हतं तिला."

"सांगितलं. ऐकते कुठं?"

"बापावर गेलीय. त्यो बी तसाच. गाडीचा पत्ता नसायचा आन् ह्यो आपला झेंडा घिऊन उबा." त्यांनी डोळ्याला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या, मला ठरवता आलं नाही. त्यांनाही बहुतेक आलं नसावं.

सोमवारी आम्ही परत बजाबाईंच्या बांधावर. साक्षीला सोलापुरात बसून निकाल ऐकणं शक्यच नव्हतं. वेळ झाली. बजाबाईंनी नाव घातलं, गाव घातलं. हिरवं बटण उजळलं. त्यांनी दाबलं, आणि साक्षी तिथून निघून थेट केळीत घुसली. बघवेना तिला.

मी बघत होते. लाल, पिवळा, निळा. परत लाल, पिवळा, निळा.

"करंट हाय," बजाबाई म्हणाल्या.

सगळा फुगवटा एकाच वेळी बटण दाबत असणार. नोंद येईना. दिवे आपले फिरतायत. बजाबाईंनी मान कलती केली, ऐकलं. अंगठा उचलला आणि लाल बटणाकडं नेला. अंगठा तिथंच अधांतरी राहिला. त्यांचे डोळे दिव्यांवर होते.

"लोड घेतीया," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि अंगठा मागं घेतला.

'नोंद झाली.'

मी केळीकडं तोंड करून साक्षीला हाक मारली. ती पानं हातानं बाजूला सारत धावत आली, केसांत जळमटं, कपाळाला चीक.

"दिवे दिसले का, मावशी? नीट दिसले?"

"दिसलं नसतं तर म्या थांबले आसते व्हय?" बजाबाई म्हणाल्या. "त्ये ऱ्हाऊ दे. रोपं कवा पोचत्याल त्ये सांग."

तेवढ्यात इंद्रजीतचा फोन. साक्षीनं स्पीकर लावला. "रोपं संपली बी, ताई. फाटकावर कोन न्हाय. रद्द झाल्याली दोन-चार हायती, त्यास्नी इचारलं, त्यास्नी खरंच नको व्हती. आता उसाच्या रोपांचं पेज बी तुमीच करायचं." मग तो म्हणाला, "आन् त्ये पान कुटं तरी लावता येतंय का? नुसतं शोभेला?"

"बघू, दादा," साक्षी म्हणाली. तिनं आधीच फोन तोंडापासून लांब धरला होता. पलीकडच्या बांधावर एक माणूस हात उंच करून फोनला रेंज शोधत होता, तिचं सगळं लक्ष त्याच्याकडं.

बजाबाईंनी आम्हाला चहाला थांबवलं. साक्षी उभ्यानं प्याली.

"बस की गं घडीभर," मी म्हटलं.

"चला की मॅडम लवकर. आज पाणी यायचंय आणि आईनं पातेलं घातलं नसणार."